ईश्वरेच्छा, प्रार्थना आणि प्रयत्न : पंडिता रमाबाईंच्या जीवनातील आपत्तींच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

ख्रिस्ती प्रार्थनापरंपरेत ईश्वराच्या इच्छेवर विसंबून राहण्याच्या वृत्तीला मध्यवर्ती स्थान आहे. येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीच्या मागणीपूर्वी ईश्वरी इच्छा पृथ्वीवर सिद्धीस जावी अशी याचना येते. क्रूसावरील मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने केलेल्या प्रार्थनेत तर दोन गोष्टी शेजारी शेजारी उभ्या आहेत : समोरचे दुःख टळावे ही उघड इच्छा, आणि तरीही पित्याच्या इच्छेपुढे स्वतःची इच्छा गौण मानण्याची तयारी. संकटकाळातील ख्रिस्ती प्रार्थनेचा आदर्श पुढे याच प्रसंगावरून घडत गेला.

धर्मशास्त्राच्या अभ्यासकाला या वृत्तीचा तात्त्विक अर्थ महत्त्वाचा वाटतो. इतिहासाच्या अभ्यासकापुढे मात्र वेगळे प्रश्न उभे राहतात. निराशेच्या व हालअपेष्टांच्या प्रसंगी ईश्वरेच्छेवर भार टाकणाऱ्या व्यक्तीने प्रत्यक्षात काय केले? तिची श्रद्धा प्रयत्नाला पूरक ठरली की प्रयत्नाच्या जागी आली? ईश्वरेच्छा म्हणजे नेमके काय, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा मानला गेला? या प्रश्नांची उत्तरे सर्वसाधारण विधानांतून मिळत नाहीत. ती एखाद्या जीवनाच्या तपशिलात शोधावी लागतात.

प्रस्तुत लेखात पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या जीवनाच्या आधारे हा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे. रमाबाईंची निवड करण्यामागे विशिष्ट कारण आहे. देवावर सर्व भार टाकून बसलेल्या आपल्या कुटुंबाची उपासमार त्यांनी तरुणपणीच पाहिली होती. त्या अनुभवामुळे त्यांची पारंपरिक श्रद्धा ढासळली. असे असूनही वयाच्या चाळिशीत, निश्चित उत्पन्नाची हमी नसताना, शेकडो अनाथ मुलींची जबाबदारी त्यांनी ईश्वरावरील भरवशानेच स्वीकारली. ज्या भरवशाने एकदा घात केला असे वाटले, त्याचाच आश्रय पुन्हा कसा घेतला गेला, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

साधने व अभ्यासाची मर्यादा

या विषयासाठी तीन प्रकारची साधने उपलब्ध आहेत. पहिला प्रकार रमाबाईंच्या स्वतःच्या लेखनाचा आहे. त्यात दुष्काळाच्या आठवणी आणि १९०७ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे साक्षपर आत्मनिवेदन ही विशेष महत्त्वाची आहेत. दुसरा प्रकार पत्रव्यवहाराचा. इंग्लंडमधील सिस्टर जेराल्डिन, डोरोथिया बील व इतरांशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार ए. बी. शाह यांच्या संपादनाखाली १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. तिसऱ्या प्रकारात चरित्रे व संशोधनपर ग्रंथ येतात. देवदत्त नारायण टिळक यांचे मराठी चरित्र, तसेच मीरा कोसंबी व उमा चक्रवर्ती यांचे संशोधन यांचा या संदर्भात प्रामुख्याने उल्लेख करावा लागेल.

या साधनांचा उपयोग करताना एक सावधगिरी आवश्यक आहे. साक्षपर आत्मनिवेदन हा विशिष्ट हेतूने लिहिला जाणारा लेखनप्रकार आहे. त्यात पूर्वायुष्याकडे नंतरच्या श्रद्धेच्या दृष्टीतून पाहिले जाते आणि विखुरलेल्या घटनांना एका सूत्रात ओवले जाते. पत्रे मात्र त्या त्या वेळी, पुढे काय घडणार हे ठाऊक नसताना लिहिलेली असतात. म्हणून १८८३ ते १८८६ या काळातील पत्रे व १९०७ चे निवेदन यांना सारखेच वजन देऊन चालणार नाही. तसेच प्रार्थनेचे फळ मिळाले की नाही, हा इतिहासाच्या कक्षेतील प्रश्न नव्हे. प्रार्थना करणाऱ्या व्यक्तीने त्या प्रार्थनेचा कोणता अर्थ लावला व त्यानुसार कोणते वर्तन केले, एवढेच इतिहासाला तपासता येते.

दुष्काळातील कुटुंब : पहिला अनुभव

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित होते. स्त्रियांना संस्कृत शिकविण्याचा त्यांचा आग्रह त्या काळी धाडसाचा होता. पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी स्वतः शिकविले व पुढे लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकविले. हे कुटुंब पुराणकथनावर उपजीविका करीत तीर्थक्षेत्रे हिंडत असे. जवळचे द्रव्य दानधर्मात व धर्मकृत्यांत खर्च होत गेले.

१८७० च्या दशकात मद्रास इलाख्यातील दुष्काळाने या कुटुंबाला गाठले. रमाबाईंनी नंतर लिहिलेल्या आठवणींनुसार कुटुंबाने व्रते, उपवास, जप व देवदर्शन यांचा क्रम सोडला नाही. देव प्रसन्न होईल व संकट टळेल या आशेवर दिवस काढले गेले. हाताने काम करून मिळवावे असे कोणतेही कसब त्यांच्यापाशी नव्हते आणि तसे काम करण्यास ब्राह्मणी प्रतिष्ठेचाही अडसर होता. ही दुसरी गोष्ट रमाबाईंनी स्वतः, काहीशा कठोरपणे, नोंदविली आहे. अखेर रानातील अकरा दिवस पाणी, पाला व थोडी रानखजुरे यांवर काढण्याची वेळ आली. वडिलांनी जलसमाधी घेण्याचा विचार बोलून दाखविला, तेव्हा भाऊ श्रीनिवास याने जातीचा अभिमान बाजूला ठेवून मोलमजुरी करण्याची तयारी दर्शविली. तोपर्यंत उशीर झाला होता. काही काळाच्या अंतराने वडील, आई व थोरली बहीण यांचा मृत्यू झाला.

या प्रसंगातील दोन गोष्टी पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, मरणापूर्वी वडिलांनी या धाकट्या मुलीला ईश्वराच्या हाती सोपवीत असल्याचे सांगितले व तिने आजन्म त्याचीच सेवा करावी अशी इच्छा व्यक्त केली. हे शब्द रमाबाईंनी ख्रिस्ती झाल्यावरही जपून ठेवले आणि आदराने नोंदविले. म्हणजेच ईश्वरावर विसंबण्याचा त्यांचा पहिला संस्कार ख्रिस्ती मिशनऱ्यांकडून आलेला नसून तो एका वैष्णव पित्याकडून आलेला होता. दुसरी गोष्ट श्रीनिवासच्या निर्णयाची आहे. श्रद्धा आणि हाताचे काम यांची फारकत प्राणघातक ठरू शकते, हा धडा त्या निर्णयात होता. केडगावच्या संस्थेत हा धडा प्रत्यक्षात उतरलेला दिसतो.

वैद्यकीय शिक्षणाची निराशा व ईश्वरेच्छेचा वाद

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंचा ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरव केला. परंतु १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीचे पटकीने निधन झाले. वयाच्या चोविसाव्या वर्षापूर्वीच आईवडील, बहीण, भाऊ व पती यांना गमावलेली ही विधवा तान्ह्या मुलीसह पुण्यास आली. आर्य महिला समाजाची स्थापना व ‘स्त्रीधर्मनीति’ हा ग्रंथ ही त्याच वर्षातील कामे होत.

१८८३ मध्ये वैद्यकशास्त्र शिकण्याच्या उद्देशाने त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयास असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. ज्या शिक्षणासाठी त्या आल्या होत्या, ते मात्र ऐकू कमी येत असल्यामुळे घेता आले नाही. ही निराशा लहान नव्हती. स्त्रियांना स्त्री वैद्याची किती निकड आहे, हे त्या जाणून होत्या. त्यांनी चेल्टनहॅमच्या स्त्री-महाविद्यालयात अध्ययन व संस्कृतचे अध्यापन सुरू केले आणि शिक्षणाचे कार्य हेच आपले क्षेत्र ठरविले.

याच काळात ईश्वरेच्छा कोणी ठरवायची, हा वाद उद्भवला. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा प्रश्न पुढे आला असता चर्चमधील वरिष्ठांनी हरकत घेतली. सिस्टर जेराल्डिन यांच्या मते नवख्रिस्ती व्यक्तीने चर्चच्या अधिकाराला नम्रपणे मान्यता द्यावी, त्यातच ईश्वराच्या इच्छेचे पालन आहे. रमाबाईंची भूमिका निराळी होती. मोठ्या कष्टाने एका धर्मातील पुरोहितांच्या सत्तेतून बाहेर पडल्यावर दुसऱ्या धर्मातील धर्मगुरूंच्या प्रत्येक शब्दास ईश्वरी आज्ञा मानण्यास त्यांनी नकार दिला. ईश्वराची आज्ञा व मनुष्याची आज्ञा यांत भेद करण्याचा हक्क सदसद्विवेकाला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. क्रूसचिन्हावर लॅटिन अक्षरे का असावीत, संस्कृत का नकोत, असा प्रश्न विचारण्यापर्यंत हा वाद गेला.

येथे एक महत्त्वाचे सूत्र हाती लागते. ‘ईश्वराची इच्छा’ ही संकल्पना सत्ताधारी व्यक्ती आज्ञापालन घडविण्यासाठी वापरू शकते. रमाबाईंनी तीच संकल्पना मानवी अधिकाराला मर्यादा घालण्यासाठी वापरली. ज्याची इच्छा अंतिम, तो ईश्वर. बिशप, भगिनीसंघ किंवा समाजधुरीण यांपैकी कोणाचीही इच्छा अंतिम नाही, हा त्यातील युक्तिवाद होय.

शारदा सदनातील पेच व अंतरीचा शोध

१८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत केलेल्या प्रयत्नांतून बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली व तिने दहा वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले व पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. संस्था धर्मनिरपेक्ष राहील असे ठरले होते. रमाबाईंच्या खोलीतील प्रार्थनेस काही मुली येऊन बसू लागल्या, तेव्हा वाद पेटला. ‘केसरी’ने कठोर टीका केली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागारांनी १८९३ मध्ये संस्थेशी असलेला संबंध सोडला आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या.

या प्रकरणाचा न्याय करताना दोन्ही बाजू पाहणे आवश्यक आहे. पालकांनी मुली पाठविल्या त्या विशिष्ट आश्वासनावर. त्यामुळे त्यांची अस्वस्थता निराधार म्हणता येणार नाही. दुसरीकडे, आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करण्याचा आपला हक्क सोडण्यास रमाबाई तयार नव्हत्या. परिणामी ज्या पुण्यातील सुधारक वर्गाच्या आधारावर त्यांचे कार्य उभे होते, तोच आधार निघून गेला.

या बाह्य पेचाच्या सुमारासच त्यांच्या अंतर्गत जीवनात बदल झाला. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, म्हणजे १८९१ च्या आसपास, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र सापडला नव्हता, अशी जाणीव झाल्याचे त्यांनी आत्मनिवेदनात सांगितले आहे. बौद्धिक स्वीकृतीकडून व्यक्तिगत भरवशाकडे झालेला हा प्रवास होता. ब्रिस्टल येथे कोणाकडेही देणगी न मागता हजारो अनाथ मुलांना सांभाळणारे जॉर्ज म्यूलर आणि १८६५ मध्ये चायना इनलँड मिशन स्थापन करणारे हडसन टेलर यांची चरित्रे त्यांच्या वाचनात आली. अशा प्रकारचे, केवळ ईश्वरावरील विश्वासाने चालणारे कार्य हिंदुस्थानात शक्य आहे काय, हा विचार त्यांच्या मनात घोळू लागला.

दुष्काळ, प्लेग व केडगाव

१८९६ मध्ये लोणावळा येथील ख्रिस्ती मेळाव्यास रमाबाई आपल्या संस्थेतील १५ ख्रिस्ती मुलींसह गेल्या होत्या. त्या वेळी या संख्येचा वर्ग, म्हणजे २२५ मुली आपल्याला मिळाव्यात, अशी प्रार्थना त्यांनी केल्याचे त्या सांगतात. त्यानंतर थोड्याच काळात मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. स्वतःच्या तरुणपणीच्या दुष्काळाच्या स्मृती जाग्या झाल्याने त्या तेथे गेल्या. रस्त्यांवर व दुष्काळी छावण्यांत निराधार झालेल्या, अनेकदा गैरव्यवहाराला बळी पडलेल्या मुली त्यांनी पाहिल्या आणि सुमारे ३०० स्त्रिया व मुलींना त्या सोबत घेऊन आल्या.

याच सुमारास पुण्यात प्लेगची साथ होती. शहरात एवढ्या मुली ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. संस्थेला कायमचे उत्पन्न मिळावे म्हणून फळबागेसाठी केडगाव येथे जमीन आधीच घेतलेली होती. तेथे गवताने शाकारलेल्या झोपड्या उभारून मुलींची सोय करण्यात आली. यातूनच मुक्ती सदनाचा उगम झाला. १८९९–१९०० च्या दुष्काळात गुजरातमधूनही मुली आल्या व संस्थेतील संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली.

या काळातील एक घटना विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. प्लेगच्या इस्पितळात व विलगीकरणाच्या छावणीत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल १८९७ मध्ये रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात जाहीर तक्रार केली. तिचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत उमटले आणि मुंबई सरकारने आरोप नाकारले. संकट हे ईश्वराच्या योजनेचा भाग आहे असे मानणारी व्यक्ती त्या संकटातील मानवी अन्यायाबद्दल गप्प बसत असेल, अशी अपेक्षा असते. रमाबाईंनी ती खोटी ठरविली. साथ ईश्वराधीन असेल, पण इस्पितळातील दुर्व्यवस्था सरकारच्या अधीन आहे, हा विवेक त्यांच्या कृतीत स्पष्ट दिसतो.

विश्वास आणि हिशेब

१८९८ मध्ये अमेरिकन साहाय्याची दहा वर्षांची मुदत संपली. तोपर्यंत माणसांची संख्या कित्येक पटींनी वाढलेली होती. यापुढील काळात संस्थेची उभारणी प्रार्थनेच्या आधारावर झाली, असे मुक्ती मिशनच्या परंपरेत सांगितले जाते. हे विधान अर्थपूर्ण आहे, तथापि ते तपासून घ्यावयास हवे. पुनर्रचना झालेल्या अमेरिकन संघटनेकडून पुढेही मदत येत राहिली. इंग्लंड, अमेरिका व अन्य देशांतील ख्रिस्ती समूहांशी पत्रव्यवहार होत होता आणि ‘मुक्ती प्रेअर बेल’ या नियतकालिकातून कार्याचा वृत्तान्त दूरवरच्या वाचकांपर्यंत पोहोचत होता. म्हणजे प्रार्थनेच्या जोडीला माहिती, संपर्क व वृत्तान्त यांची व्यवस्था होती. म्यूलर यांच्या कार्यातही काटेकोर हिशेब व वार्षिक वृत्तान्त यांना मोठे स्थान होते. मदत मागायची नाही, परंतु मिळालेल्या प्रत्येक देणगीचा जाब द्यायचा, ही या पद्धतीची शिस्त होती.

दुसरी गोष्ट श्रमाची. केडगावात शेती, विहिरींचे काम, विणकाम, शिवणकाम, दुग्धव्यवसाय, तेलघाणा, मुद्रणालय असे उद्योग सुरू झाले. उच्चवर्णीय विधवा, शेतकरी कुटुंबातील मुली व समाजाने बहिष्कृत मानलेल्या स्त्रिया एकाच आवारात काम करू लागल्या. अंध स्त्रियांसाठी स्वतंत्र सदन होते व मनोरमाबाईंनी त्यांना ब्रेल लिपी शिकविण्याची व्यवस्था केली. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. येथे तरुणपणीच्या दुष्काळाशी असलेला संबंध उघड होतो. डोंगरे कुटुंबापाशी भक्ती होती, कसब नव्हते. मुक्ती सदनातील मुलीला प्रार्थना शिकविली जाई आणि त्याबरोबरच कोणत्याही दुष्काळात उपयोगी पडेल असे हाताचे कामही शिकविले जाई.

मराठी मानसाला ईश्वरेच्छेपुढे नमणे अपरिचित नव्हते. वारकरी परंपरेतील शरणागती व प्रारब्धाची कल्पना या दोन्ही लोकमानसात रुजलेल्या होत्या. रमाबाईंचे समकालीन रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर याच भक्तिपरंपरेच्या भाषेत ख्रिस्ती प्रार्थना घडविली. रमाबाईंचा मार्ग काहीसा वेगळा होता. दुःख हे पूर्वकर्माचे फळ आहे, ही कल्पना विधवेच्या माथी किती मोठा दोष मारते, हे त्यांनी १८८७ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात दाखविले होते. म्हणून त्यांच्या प्रार्थनेतील ईश्वरेच्छा प्रारब्धाहून भिन्न आहे. प्रारब्ध मागील जन्माचा हिशेब पुढे ठेवते, तर रमाबाईंच्या दृष्टीने ईश्वराची इच्छा पुढील कर्तव्याकडे बोट दाखविते. पीडित स्त्रीला तिच्या पीडेबद्दल दोषी न ठरविता तिला आधार देणे, हा या भेदाचा व्यावहारिक परिणाम होय.

मुलींच्या इच्छेचा प्रश्न

या चित्राची एक अवघड बाजू आहे आणि ती टाळणे योग्य होणार नाही. २२५ मुलींची प्रार्थना दुष्काळामुळे पूर्ण झाली, असा अर्थ स्वीकारला तर हजारोंच्या प्राणहानीचे काय करावयाचे? श्रद्धावान मनाला येथे ईश्वराची योजना दिसते. इतिहासकाराला मात्र पावसाचा अभाव, धान्याच्या वाढलेल्या किमती व वसाहतवादी शासनाची अपुरी मदत ही कारणे सांगावी लागतात. ही दोन विधाने वेगवेगळ्या पातळीवरील आहेत व एकाच्या जागी दुसरे ठेवता येत नाही.

याहून गंभीर प्रश्न मुलींच्या संमतीचा आहे. रमाबाईंनी स्वतः वाद घालून, प्रश्न विचारून श्रद्धा स्वीकारली. उपासमारीतून वाचलेल्या लहान मुलीला तसा अवकाश कितपत होता? अन्न, निवारा व श्रद्धा एकाच हातून मिळत असताना स्वेच्छा कोठे सुरू होते व कृतज्ञता कोठे संपते, हे ठरविणे कठीण आहे. या मुलींचे आवाज आपल्यापर्यंत बहुतांशी रमाबाईंच्या व मिशनऱ्यांच्या लेखनातून पोहोचतात. १९०५ मध्ये केडगावात झालेल्या धार्मिक जागृतीच्या वेळी मुली मोठ्याने रडत, एकाच वेळी, आपापल्या शब्दांत प्रार्थना करू लागल्या. अशा प्रार्थनेवर आक्षेप घेतले जात असताना हिंदी स्त्रियांना त्यांच्या रीतीने प्रार्थना करू द्यावी, अशी भूमिका रमाबाईंनी घेतली. दुष्काळ, मृत्यू व घरादाराचा वियोग सोसलेल्या या मुलींना आपले दुःख मोठ्याने बोलून दाखविण्याची संधी कदाचित प्रथमच मिळाली असावी. तो आक्रोश केवळ धर्मांतराच्या यशाची खूण म्हणून वाचणे किंवा केवळ दडपणाचा परिणाम म्हणून वाचणे, ही दोन्ही वाचने अपुरी आहेत.

अखेरची वर्षे

आयुष्याच्या अखेरच्या दीड दशकात रमाबाईंनी बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराचे काम हाती घेतले. त्यासाठी त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. ग्रामीण व अल्पशिक्षित स्त्रियांना समजेल अशी भाषा वापरण्याचा त्यांचा आग्रह होता, आणि छपाईचे काम संस्थेच्या मुद्रणालयातच स्त्रियांनी केले.

या काळात त्यांना सर्वांत मोठा आघात सोसावा लागला. संस्थेचा भार पुढे मनोरमाबाईंनी सांभाळावा अशी स्वाभाविक अपेक्षा होती. पण २४ जुलै १९२१ रोजी मिरज येथे मनोरमाबाईंचे निधन झाले. वडिलांपासून सुरू झालेली आप्तांच्या मृत्यूंची मालिका एकुलत्या एका मुलीपर्यंत येऊन पोहोचली. स्वतः रमाबाईंची प्रकृती ढासळलेली होती, श्रवणशक्ती जवळजवळ गेलेली होती. तरीही भाषांतराचे काम चालू राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण भाषांतरित बायबल १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

या अंतिम पर्वात ईश्वरेच्छेवरील विश्वासाचे स्वरूप आणखी स्पष्ट होते. येथे मागितलेली गोष्ट मिळाल्याचा वृत्तान्त नाही, संख्या वाढल्याचा आनंद नाही. उरलेले काम पूर्ण करणे एवढेच आहे. गेथशेमानेच्या प्रार्थनेतही दुःख टळत नाही. ते सोसण्याचे बळ मात्र प्रार्थना करणाऱ्यास लाभते. रमाबाईंच्या जीवनातील हा अध्याय त्या आदर्शाच्या अधिक जवळ जातो. मुक्ती मिशनच्या यशाच्या कथांना जे महत्त्व दिले जाते, ते या शांत कष्टाच्या काळाला क्वचितच मिळाले आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात.

पहिला, ईश्वरेच्छेवरील विश्वास व दैववाद या दोन भिन्न ऐतिहासिक वृत्ती आहेत. बाह्यतः त्यांची भाषा सारखी वाटली तरी परिणाम भिन्न आहेत. रमाबाईंच्या बाबतीत या विश्वासाने श्रम, हिशेब व व्यवस्थापन यांना बळ दिले.

दुसरा, ईश्वरेच्छा ही संकल्पना आज्ञाधारकतेचे तसेच प्रतिकाराचेही साधन ठरू शकते. वाँटेजमधील पत्रव्यवहार, शारदा सदनातील पेच व प्लेगविषयीची तक्रार या तिन्ही प्रसंगी रमाबाईंनी तिचा आधार घेऊन अनुक्रमे चर्च, स्वकीय समाज व सरकार यांच्यापुढे आपली बाजू मांडली.

तिसरा, मुख्य प्रश्नाच्या संदर्भात असे म्हणता येईल की रमाबाई तरुणपणीच्या भरवशाकडे जशाच्या तशा परतल्या नाहीत. प्रसन्न करून घ्यावयाचा देव व प्रतिष्ठेपायी थांबलेले हात, या दोन गोष्टी त्यांनी मागे ठेवल्या. पित्याने दिलेला समर्पणाचा संस्कार व भावाने उशिरा का होईना घेतलेला श्रमाचा निर्णय, या दोन गोष्टी त्यांनी बरोबर घेतल्या. केडगावच्या कार्यात त्या दोहोंचा संयोग आढळतो.

चौथा, एका व्यक्तीने स्वेच्छेने स्वीकारलेला विश्वास संस्थेच्या रूपाने दुसऱ्यांपर्यंत पोहोचतो, तेव्हा त्यांच्या इच्छेचा प्रश्न नव्याने उभा राहतो. मुक्ती सदनातील मुलींचा इतिहास त्यांच्या स्वतःच्या दृष्टीतून लिहिला जाणे अद्याप आवश्यक आहे. संस्थेची जुनी नियतकालिके, पत्रे व नोंदी यांचा त्या दृष्टीने अभ्यास झाल्यास ज्यांच्यासाठी प्रार्थना केली गेली, त्यांनी स्वतः काय मागितले होते, याचे उत्तर काही अंशी तरी मिळू शकेल.